वल्ह्याची जागा

दर्शना हातात ड्रिल घेऊन समोर उभी राहिली, तेव्हा नाना जाळं शिवत होता. तिला काय हवंय ते सांगायची गरज नव्हती. ड्रिलकडे एकदा बघून नाना म्हणाला, "मी जिता हाय तोवर माज्या होडीला भोक पडनार नाय," आणि पुन्हा सुईत दोरा ओवायला लागला. त्याच्या लेखी विषय संपला होता. दर्शनाच्या लेखी तो तिथून सुरू झाला.

दर्शना ही नानाची थोरली लेक. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून माहुलला परत आली, तीही कुणाला न विचारता, आणि दुसऱ्याच आठवड्यात पार्ल्याच्या बाजारात आईच्या जागेवर मासळी घेऊन बसली. पापलेटाचा भाव ती एकदा सांगायची. गिऱ्हाईक हुज्जत घालायला लागलं की ती शेजारणीशी बोलायला लागायची, आणि गिऱ्हाईक बिचारं मुकाट्याने पिशवी पुढे करायचं. असली बाई बापाच्या एका वाक्याने मागे हटेल, असं वाडीत कुणालाही वाटलं नाही. नानालासुद्धा वाटलं नसावं, कारण सुईत दोरा काही त्याच्याने ओवला जाईना.

प्रकरण असं होतं. नाना होडीचा तांडेल, म्हणजे होडी कुठे न्यायची आणि जाळं कुठे टाकायचं हे ठरवणारा माणूस. तसे तांडेल माहुलमध्ये पुष्कळ होते. पण पाण्याला कान लावून मासा ऐकणारा एवढा एकच उरला होता. घोळ मासा पाण्याखाली घुमतो, थवा मोठा असला तर चांगलाच घुमतो. मशिन बंद करायचं, लाकडी वल्हं पाण्यात उभं धरायचं आणि त्याच्या मुठीला कान लावायचा. नाना हे काम होडीच्या मागच्या टोकाला, उजव्या कोपऱ्यात बसून करायचा. तिथल्या कडेवर वल्हं टेकून टेकून खाच पडली होती. तो कोपरा तांडेलाचा. तिथे कुणी पाय ठेवायचा नाही, डबा ठेवायचा नाही, ओला टॉवेलसुद्धा टाकायचा नाही. नानाने कान लावला की खलाशी तोंडातला पाव चावायचे थांबत. मग नाना हात वर करायचा आणि म्हणायचा, "टाक." जाळं पडायचं, आणि त्या जाळ्यावर या घराचं सगळं झालं होतं. लग्नंसुद्धा.

पण गेले दोन हंगाम नानाचं "टाक" फुकट जायला लागलं होतं. जाळं टाकावं आणि वर काय यावं, तर चिखल, प्लास्टिक आणि चार शिंगाळे. आणि गेल्या हंगामाच्या शेवटी तर भलतंच झालं. तेलाच्या धक्क्याकडे जाणारा एक बार्ज मागून भोंगा देत आला आणि सुकाणू धरून बसलेला नाना ढिम्म हलला नाही. बार्ज अगदी जवळून गेला. होडी अशी हेलकावली की राजेश खलाशी पाण्यात पडला. त्याला ओढून वर घेतलं, जिवावरचं निभावलं. मशिनच्या आवाजात भोंगा आला नाही, असं नानाने घरी सांगितलं. त्या दिवशी होडीवर असलेल्या मिथुनला ते पटलं नाही.

मिथुन नानाचा पुतण्या. होडीवर नानाच्या हाताखाली मोठा झालेला, सरळ माणूस. पावसाळ्यात होड्या चिखलात ओढून वर ताडपत्री टाकली, तेव्हा तो दर्शनाला धक्क्यावर गाठून म्हणाला, "ताय, नारली पुनवेनंतर नानाला घरीच बसव. मना त्याला बोलवत नाय. तू बोल."

"आनि नाना घरी बसून काय करेल? भिंती मोजेल?"

"मना नाय ठावं. पन राजेशला पोरं हायत. मना पन हायत."

मिथुनची भीती खोटी नव्हती. ते तिलाही कळत होतं, म्हणून तिचा राग आणखी वाढला. होडीवरून उतरलेले म्हातारे तिने वाडीत पाहिले होते. सकाळी धक्क्यावर येऊन बसायचे, येणाऱ्या होड्यांना उगाच सल्ले द्यायचे, आणि वर्षाच्या आत खाटेला खिळायचे. नानाला तसं बघायची तिची तयारी नव्हती. काय वाट्टेल ते होवो, या पुनवेनंतर नाना होडीवर असणार, हे तिने त्याच जागी उभं राहून ठरवलं.

उपाय तिला वर्सोव्याला सापडला. तिथे तिची मैत्रीण नंदा राहायची. नंदाच्या नवऱ्याच्या बोटीवर पाण्याखालचं दाखवणारं यंत्र होतं. एक छोटा पडदा, आणि बोटीच्या मागच्या फळीला पाण्यात बुडलेली, साबणाच्या वडीएवढी काळी वस्तू. ती पाण्यात आवाज सोडते, तो तळावर आणि माशांवर आपटून परत येतो आणि पडद्यावर चित्र उमटतं. त्या वस्तूचं खरं नाव ट्रान्सड्यूसर. ते नाव उच्चारताना राजेशची जीभ तीनदा अडकली, तेव्हा मिथुनने त्याचं नाव 'कान' ठेवलं आणि वाडीत तेच चाललं.

यंत्र घरी आणल्यावर दर्शनाने मिथुनला सांगितलं, "सुकानू तू धर. नाना नुसता पडदा बघेल. त्याचे डोळे शाबूत हायत. मंग तर झालं?"

मिथुनने विचार केला. "पुनवेच्या आधी चालवून दाखव. चाललं तर बघू."

म्हणजे तिच्यापुढे दोन कामं होती. यंत्र चालायला हवं होतं, आणि नाना तयार व्हायला हवा होता. पहिली गोष्ट सोपी आहे असं तिला वाटत होतं.

नानाचा नकार सोनूबाईने मोडून काढला. सोनूबाई दर्शनाची आई. आयुष्यभर बाजारात ओरडून मासळी विकलेली, त्यामुळे घरात ती मीठ मागायची तरी शेजारची घरं आपापल्या मिठाचे डबे उघडून बघत. ती नानासमोर उभी राहून हात नाचवत ओरडली, "पाडू दे तिला भोक. होडी मेली तुजी नाय एकट्याची. माज्या बांगड्या गेल्यात त्या होडीत."

नाना पुटपुटला, "मना माजे कान हायत." पण ते त्याने जाळ्याला सांगितलं.

होडीला कमीत कमी भोकं पडावीत, म्हणून दर्शनाने बाजारातला आपला पाट आणला. जाडजूड पांढऱ्या प्लास्टिकचा, ज्यावर तिने वर्षानुवर्षं सुरमई कापली होती. पाट फळीला दोन स्क्रूंनी बसवायचा आणि 'कान' पाटाला. मग 'कान' वर घ्या, खाली घ्या, पाटालाच काय ती छिद्रं पडतील. ही युक्ती नंदाच्या नवऱ्याची होती, पण पाट दर्शनाचा होता आणि तो देताना तिला जरा जड गेलं. त्याच्यावर तिचा हात बसला होता.

बसवण्याआधी यंत्र चालतं का ते अंगणात बघायचं ठरलं. बॅटरी आणली, तारा चिमट्यांनी लावल्या. पाण्याबाहेर 'कान' कानाशी धरला की टिकटिक ऐकू येते, ती आली म्हणजे यंत्र जिवंत, असं नंदाच्या नवऱ्याने सांगितलं होतं. राजेशने ऐकलं आणि खूश झाला. मिथुनने ऐकून मान हलवली. सोनूबाई म्हणाली, "घड्याळ गिळलंय मेल्यानं." मग सगळ्यांनी नानाला आग्रह केला. नाना आढेवेढे घेत उठला, 'कान' हातात घेऊन आपल्या कानाशी धरला, डोळे मिटले, जसे वल्ह्याला कान लावताना मिटायचा. सगळे गप्प झाले.

"हां," नाना म्हणाला. "टिकटिक करतंय. बारीक हाय, पन हाय."

दर्शना बॅटरीपाशी उकिडवी बसली होती. चिमटा सैल बसतोय म्हणून तिने तो नीट लावायला काढला होता, आणि नाना बोलला तेव्हा तो तिच्या हातात होता. यंत्र बंद होतं.

तिने कुणाकडे बघितलं नाही. चिमटा गुपचूप परत लावला. सोनूबाई तोवर जेवायला चला म्हणून ओरडायला लागली होती, मिथुन आणि राजेश हात धुवायला गेले. दर्शना तिथेच बसून राहिली. नानाला ऐकू येत नव्हतं. भोंगा नाही, घोळ नाही, काहीच नाही. आणि हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. ज्या घरात बायको ओरडून बोलते, लेक ओरडून बोलते, ज्या वाडीत दोन घरांपलीकडच्या माणसाशी दारातून हाक मारून गप्पा होतात, आणि उरलेला वेळ मशिन धडधडत असतं, तिथे एक माणूस हळूहळू बहिरा झाला तर कळणार कसं? ओरडणाऱ्याचं तोंड दिसतं, हात दिसतात. उरलेलं माणूस सवयीने भरतो.

मग दोन हंगाम तो वल्ह्याला कान लावून "टाक" म्हणत होता, ते काय होतं?

त्या दिवशी ती जेवली नाही. मिथुन बरोबर होता, हे तिला आता कबूल करावं लागत होतं, आणि ते तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. पण नानाला घरी बसवायचं हे त्याहून उतरत नव्हतं. नानाच्या बहिरेपणाचं तिने कुणालाही सांगितलं नाही. आधी यंत्र बसवू, मग बघू, असं तिने स्वतःला बजावलं.

ओहोटीला होडी चिखलात बसली, तेव्हा दर्शना साडीचा काष्टा मारून गुडघाभर चिखलात उतरली. पलीकडे रिफायनरीच्या चिमणीवर ज्वाळा जळत होती, वारा तिकडून होता आणि वास नेहमीचाच होता. राजेश पाट धरायला होता. जागा ठरवताना दोघांनाही विचार करावा लागला नाही. मागच्या फळीच्या मधोमध मशिन, उजवीकडे तांडेलाचा कोपरा, म्हणजे राहिली डावी बाजू. पेन्सिल ओल्या फळीवर उमटेना, म्हणून तिने पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि जिथे भोक पाडायचं तिथे एकेक टिकली चिकटवली. ड्रिल चालवला. लाकडाचा भुसा पडताना तिला जरा कसंसंच झालं, पण हात थांबला नाही. भोकांत सीलंट भरलं, स्क्रू पिळले, 'कान' पाटावर बसवून तळाच्या जरासा खाली येईल असा केला. होडी बसते तेव्हा तो चिखलात रुतायला नको, म्हणून राजेशने त्याला वर उचलायची दोरी लावली. सोनूबाईने वरून हळदकुंकू लावलं. नाना धक्क्यावरून बघत होता. तो खाली आला नाही.

भरतीला होडी तरंगली आणि ते खाडीत निघाले. मिथुन सुकाणूवर, राजेश पुढे, दर्शना पडद्याशी. नाना आला नाही, "तुमी बघून या" म्हणाला. बायका सहसा होडीवर चढत नाहीत, पण यंत्राची बटणं दुसऱ्या कुणाला कळत नव्हती, तेव्हा ज्यांना बोलायचं होतं ते मनातच बोलले. होडी उभी असताना पडदा झकास चालला. तळाची जाड रेघ आली, खोली आली. राजेशने टाळी वाजवली. मिथुनने मशिन सुरू करून वेग घेतला आणि पडद्यावर ठिपक्यांचा नुसता पाऊस झाला. तळ गेला, खोली गेली, काही म्हणता काही दिसेना. मशिन बंद केलं की चित्र परत. सुरू केलं की वाट लागली.

दर्शनाने बटणं दाबून पाहिली, 'कान' खाली केला, वर केला. खाडीत फेऱ्या मारून मारून शेवटी मिथुनने होडी धक्क्याकडे वळवली.

"ताय, तू केलंस, कोनी नाय करनार एवढं केलंस," तो म्हणाला. "पन पुनवेच्या दुसऱ्या दिवशी आमी दोघंच जानार. नानाला सांग. आता खरंच सांग."

तिने नंदाच्या नवऱ्याला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, कुठल्या बाजूला लावलाय. डावीकडे, ती म्हणाली. तो हसला. या मशिनांचा पंखा उजवीकडे पाणी खाली दाबतो आणि डावीकडून वर उसळवतो, त्यामुळे डावीकडे सगळा फेस. 'कान' फेसात ठेवला तर ऐकणार काय? उजवीकडे लाव, तिथे पाणी शांत असतं. एवढं साधं होतं. आणि ते साधं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण उजव्या कोपऱ्याला हात लावायचा असतो हेच माहुलच्या माणसाच्या मनात येत नाही.

आता तिच्यापुढे सरळ प्रश्न होता. उजवीकडे लावायचं म्हणजे वल्ह्याच्या जागी लावायचं. आणि ते नानाला न सांगता करणं म्हणजे चोरी झाली असती.

पुनवेच्या आदल्या दिवशी दुपारी सोनूबाई नारळ आणायला चेंबूरला गेली. घरात दोघंच होते. दर्शनाने दार लोटलं. ओरडून बोलावं तर अख्ख्या वाडीला कळणार, आणि हळू बोलावं तर नानाला कळणार नाही. बाजारात कधी न अडलेली बाई बापासमोर अडली. मग ती उठली, होडीवरून काढून आणलेला 'कान' आणि बॅटरी घेऊन आली आणि नानाच्या समोर मांडी घालून बसली. एक चिमटा लावला. दुसरा हातात धरला, नानाला दिसेल असा. त्याचं बोट धरून 'काना'च्या तोंडावर टेकवलं. आणि चिमटा लावला.

नानाच्या कपाळावर आठी पडली. बोटाला काहीतरी लागत होतं, अगदी बारीक, मुंगी चालावी तसं. तिने चिमटा काढला. थांबलं. लावला. सुरू झालं. काढला. आणि तो काढलेला चिमटा तिने तसाच हातात धरून ठेवला, जसा त्या दिवशी अंगणात धरला होता, आणि नानाच्या डोळ्यांत बघितलं.

नानाने चिमट्याकडे बघितलं. मग तिच्याकडे. मग मान खाली घातली.

"त्या दिवशी बंद होतं," तो म्हणाला.

तिने मान हलवली.

बराच वेळ नाना 'काना'वरून अंगठा फिरवत राहिला. "पह्यले घोळ घुमायची तर वल्ह्यातून दातांत यायची," तो म्हणाला. आवाज त्याने आपणहून खाली आणला होता. "मंग कमी झालं. मंग गेलं. पन कान लावला की सगळे माज्या तोंडाकडं बघतात, बाय. पाव चावायचे थांबतात. मंग मी काय बोलू? बोलतो, टाक. कवा लागतं, कवा नाय."

"आनि भोंगा?" तिने तोंड त्याच्यासमोर धरून, एकेक अक्षर सुटं करून विचारलं.

"भोंगा आलाच नाय मना. मी मिथुनचं तोंड बघितलं. तो पांढरा पडला होता. तवा मागं बघितलं."

दर्शनाला रडू आलं आणि त्याच वेळी संतापही आला. राजेश मेला असता. "मंग तवाच का नाय बोललास रे?"

"बोललो असतो तर तूच घरी बसवलं असतंस."

हे खरं होतं. मग तिने डोळे पुसले आणि बाजारात भाव सांगताना करायची तसा चेहरा केला.

"घरी नाय बसवत. पन सुकानू मिथुनकडं. ते तू मागायचं नाय, कवाच नाय."

नानाचा अंगठा थांबला. सुकाणू सोडणं म्हणजे काय, ते तिला सांगायची गरज नव्हती आणि त्यानेही सांगितलं नाही. "आनि मी?"

"तू हे बघ. मना पडद्यावर नुसते रंग दिसतात. खाली खडक हाय का चिखल, तो ठिपका मासा हाय का कचरा, ते मना कळत नाय, मिथुनला पन नाय. तुना अख्खा तळ पाठ हाय." ती थांबली. "पन ते डावीकडं चालत नाय. तिथं फेस हाय. त्याला उजवी बाजू लागते."

"माजी बाजू."

"तुजीच."

नाना उठून दारापाशी गेला. तिला वाटलं, गेला आता धक्क्यावर, आज बोलणार नाही. तो तसाच पाठमोरा उभा होता. मग वळून त्याने हात पुढे केला.

"ड्रिल दे," तो म्हणाला. "आनि टिकली दे."

पुनवेला नारळ वाहिले गेले. दुसऱ्या दिवशी पहाट सरून फटफटल्यावर मिथुन आणि राजेश धक्क्यावर आले, तेव्हा नाना होडीत बसलेला होता, उजव्या कोपऱ्यात, आणि दर्शना डिझेलचा डबा चढवत होती. मिथुन काही बोलणार होता. पण त्याची नजर मागच्या फळीवर गेली. खाचेच्या बरोबर खाली पांढरा पाट बसला होता. एका स्क्रूशेजारी अजून लाल टिकली चिकटलेली होती. डावीकडची जुनी भोकं बुजवली होती. मिथुनने पाटाकडे बघितलं, खाचेकडे बघितलं, नानाकडे बघितलं. सुकाणू मोकळं होतं. तो जाऊन सुकाणूवर बसला.

होडी खाडीच्या तोंडाबाहेर पडली. मशिन धडधडत होतं आणि पडद्यावर तळाची रेघ एकदाही तुटली नाही. दर्शना आनंदाने राजेशच्या पाठीत गुद्दा घालणार होती, पण तिने नानाकडे बघितलं आणि थांबली. नाना पडद्याला नाक लावून बसला होता. इथे गाळ, तो पुटपुटत होता, इथे जुना पाइप, इथे खड्डा, बरोबर. जन्मभर ज्याच्यावरून गेला तो तळ त्याला पहिल्यांदा दिसत होता.

तेलाचा धक्का मागे पडला. थोड्या वेळाने रेघेच्या वर वाकडे ठिपके यायला लागले, आधी सुटे, मग दाट. दर्शनाला ते कचऱ्यासारखेच वाटले. नानाचा हात वर गेला.

हात वर गेला आणि मिथुनने सवयीने मशिन बंद केलं. राजेशने तोंडातला पाव तसाच धरला. सगळे नानाकडे बघायला लागले. वल्हं होडीत बाजूला पडलेलं होतं. मिथुनची नजर त्या वल्ह्याकडे गेली, मग नानाकडे, आणि दर्शनाला कळलं की आता काय होऊ शकतं. नानाने वल्हं उचलावं, मुठीला कान लावावा, डोळे मिटावे आणि "टाक" म्हणावं, ठिपके तर पडद्यावर दिसतच होते. कुणाला काही कळलं नसतं. खरं तिला माहीत होतं. ते तिने बोलायचं नव्हतं.

नानाने वल्ह्याकडे बघितलं. मग मिथुनकडे.

"बंद कशाला केलंस?" तो म्हणाला. "मना आयकायचं नाय, बघायचं हाय." मग जरा थांबून, बाजूच्या होडीवरच्या माणसांनी वळून बघावं अशा मोठ्या आवाजात तो म्हणाला, "मना आयकू येत नाय, मिथुन. दोन सालं झाली. भोंगा पन नाय आला मना. राजेश, तू पडलास ते माज्यामुळं."

होडी पाण्यावर हलत होती. राजेशने पाव गिळला आणि खाली बघितलं. मिथुनला हे माहीत होतं, निदान संशय होता, पण ऐकायची तयारी नव्हती. त्याने मशिनची दोरी ओढली. मशिन सुरू झालं. मग तो जागेवर पूर्ण वळला, आपलं तोंड नानाला नीट दिसेल असा बसला, आणि ओठ सावकाश हलवत त्याने विचारलं, "नाना, कुठं टाकू?"

नानाने पडद्याकडे बघून बोट दाखवलं.